पहिलं घर कुणाचं

अर्सला पेनफोल्ड माझी शेजारीण. तिच्या कोंबड्या माझ्या कोबीत आणि माझी डुकरं तिच्या अंगणात, त्यामुळे आमचं भांडण बारमाही. बाई जिभेची तिखट, पण तिच्यासारखी बिअर आख्ख्या बेडफर्डशायरात कुणाला जमत नसे. नवरा लवकर गेला. ॲनिस ही एकुलती एक पोर.

ॲनिस एकोणीस वर्षांची असताना तापाने अंथरुणाला खिळली. अर्सलाच्या डोक्यात एकच नाव, शहरातले मास्टर टॉफ्ट. प्रश्नकुंडली मांडून रोग सांगायचे, औषध द्यायचे. पण ॲनिस त्या वर्षी नव्या पाद्र्याच्या नादी लागली होती.

"आई, माझ्या नावाने ताऱ्यांना काही विचारायचं नाही. ते सैतानाचं दार आहे," ती म्हणाली.

"पाद्रीबुवा येणार आहेत का तुझा ताप उतरवायला?"

"विचारलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

अर्सला तिला माझ्या भरवशावर सोडून, टोपलीत चीज घेऊन गुपचूप निघाली. जाताना मला म्हणाली, "विचारलं तर सांग, बाजारात गेलीय."

मास्टर टॉफ्ट आधी वय विचारायचे, मग दुखणं, आणि मग त्यांचा ठरलेला प्रश्न, "रोग्याच्या मर्जीने आलीस ना?" हे ते सगळ्यांनाच विचारत. मर्जी असेल तर कुंडलीतलं पहिलं घर रोग्याचं. मर्जीविना आलं तर ते विचारणाऱ्याचं, आणि लेकरासाठी पाचवं घर बघायचं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"तिनेच पाठवलंय, मास्टर," अर्सला म्हणाली. खरं सांगितलं तर हाकलून देतील, या भीतीपुढे तिला घरांचा नियम आठवलाच नाही.

त्यांनी कुंडली मांडली आणि हसले. "घाबरू नकोस. पहिलं घर भक्कम आहे. रोगी उठेल, म्हातारपण बघेल."

बाई धावतच घरी आली. औषध सूपमध्ये कालवून पोरीला पाजलं. मला मिठी मारली, ते पहिल्यांदाच आणि शेवटचंच. चार दिवसांनी ॲनिस गेली.

दफन झाल्यावर अर्सला मास्टरांशी भांडायला निघाली. एकटीला कसं सोडणार, म्हणून मीही गेले. दारातच तिने तोंड सोडलं. मास्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "मुलीची मर्जी होती ना?"

अर्सलाने नकारार्थी मान हलवली.

त्यांनी त्याच वेळेची कुंडली पुन्हा मांडली. बोट पहिल्या घरावरून पाचव्यावर नेलं. तिथे शनी बसला होता.

"तेव्हा खरं बोलले असते तर वाचली असती?" तिने विचारलं.

"नाही, बाई. मी तुला खोटी आशा दिली नसती, एवढंच."

"मग ते म्हातारपण?"

"ते तुझं."

असं तोंडावर सांगतात का कुणी? मला त्या माणसाचा इतका राग आला! पण ते खोटंही बोलत नव्हते.

आज अर्सलाने सत्तरी ओलांडली. दोनदा साथ आली, माझा नवरा नेला, माझा धाकटा नेला, हिला साधा खोकलाही झाला नाही. ती बिअर करत नाही आता. कोंबड्या माझ्या कोबीत शिरतात आणि मी शिव्या दिल्या तर ती उलट बोलतही नाही. तेच मला सोसवत नाही.

परवा मी चिडून म्हटलं, "अगं बये, पोर तापाने गेली! त्या वर्षी गावातली कितीतरी लेकरं गेली. त्यांच्या आया कुठे गेल्या होत्या कुंडली मांडायला?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"नव्हत्या गेल्या. शेवटपर्यंत लेकरांच्या उशाशी बसल्या होत्या. लेकरं त्यांच्याशी बोलत होती गं. माझी नाही बोलली. सूप पिताना तिने त्या औषधाचा वास ओळखला होता."