ओल्या चादरींची ट्रॉली

नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात जोहरा एकोणीस वर्षं चादरी धूत होती. ओल्या चादरी ट्रॉलीत भरायच्या आणि लांब उतारावरून मागच्या अंगणात वाळायला न्यायच्या. जुनी ट्रॉली कमरेइतकी होती. यंदा नवी आली, भरली की डोक्याच्या वर जाणारी. दांडा खाली, म्हणून पाठ वाकायची आणि पुढचं काही दिसायचं नाही. त्यात एक चाक सारखं डावीकडं ओढायचं.

"साहेब, अर्धीच भरू द्या," तिनं सुपरवायझर सुदर्शनला सांगितलं. "ओलं कापड लई जड असतंय. उतारावर हिला धरणं व्हायचं न्हाई."

"फेऱ्या कमी करायच्या म्हणून तर आणली," तो म्हणाला.

पंधरा दिवसांत तिची बोटं सकाळी बधिर राहू लागली. एकदा हातातून कप सुटला, एकदा तापलेला तवा. तिला समोरचं दिसत नाही म्हणून सोबतची गुणाबाई ट्रॉलीच्या पुढं चालून वाट मोकळी करू लागली.

"पुढं नको राहू गं," जोहरा रोज म्हणायची.

"मग तुला दिसंल कसं, आपा?"

त्या दुपारी उतारावर पाणी सांडलेलं होतं. मध्यावर जोहराचा पाय घसरला आणि दांडा तिलाच ओढत निघाला.

"गुणा, सरक!"

चाकांच्या खडखडाटात गुणाबाईला ऐकूच गेलं नाही. ट्रॉली थांबणार नव्हती. चाक जिकडं ओढत होतं, तिकडंच जोहरानं सगळं अंग लोटलं. ट्रॉली भिंतीवर आदळली. मध्ये तिचं मनगट होतं.

चार दिवसांनी सुदर्शननं कागद पुढं केला. कामगाराचा निष्काळजीपणा, असं त्यावर लिहिलं होतं.

"सही करते," जोहरा म्हणाली. "आधी भरलेली ट्रॉली तुम्ही उतारावरून खाली नेऊन दाखवा."

धुण्याच्या सगळ्या बाया जमल्या. तो दोन पावलं गेला आणि ओरडला, "धरा, धरा!" चौघींनी मिळून ट्रॉली धरली. कागद परत त्याच्या खिशात गेला. त्या दिवसापासून बाया ट्रॉली अर्धीच भरू लागल्या.

हाड जुळलं, पण मूठ वळेना. जोहराला गेटवर बसवलं. महिन्याभरानं तिथं टेम्पो थांबला. आत प्लास्टिकात गुंडाळलेल्या सहा ट्रॉल्या होत्या, आणखी उंच.

"कुठं उतरवू, मावशी?" ड्रायव्हरनं विचारलं.

जोहरा उठली आणि एका हातानं उघडं गेट ओढून लावू लागली.