पदराआडचं पोलकं

सुती कापडावर गरम इस्त्री फिरली की अजूनही मला उंद्रीतला तो लग्नाचा मांडव आठवतो आणि मान खाली जाते.

आई गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. कापड आडवं-उभं फिरवून ती असं बेतायची की कात्री लावल्यावर वीतभर तुकडा हमखास उरायचा. तो परत द्यायला गेली की बायका म्हणायच्या, "राहू दे वं, पोरीले काही शिव." अशाच तुकड्यांचा तिने मला घेरदार फ्रॉक शिवला. मांडवात शेजारच्या काकूंनी त्याचा घेर हातात धरला. "अवं, हे तं माह्या पोलक्याचं कापड व्हय." मग एकेक बाई येऊन हसत आपला तुकडा शोधू लागली. त्यांना कौतुक होतं. मला मात्र अंगावरचं सगळं मागून आणल्यासारखं वाटलं. मी बाबांचा टॉवेल कमरेला गुंडाळला आणि तशीच पंगतीत बसले.

"काऊन वं, बोचते का?" आईने विचारलं. मी टॉवेलची गाठ आणखी आवळली.

त्यानंतर माझे फ्रॉक एकाच कापडाचे झाले. आई मात्र भर उन्हाळ्यातही दोन्ही खांद्यांवरून पदर घ्यायची. तिचं पोलकं दोरीवरही लुगड्याखालीच वाळायचं. मला वाटायचं, रीत असेल.

परवा तिचं एक जुनं पोलकं इस्त्रीला घेतलं. पुढून एकरंगी होतं, पाठ मात्र सगळी तुकड्यांची. कुठला तुकडा कुणाचा, ते मला अजूनही ओळखता आलं.