दादांच्या श्रद्धांजलीला आई बोलली

वडिलांना आम्ही घरात दादा म्हणायचो. पुढे महाडच्या औद्योगिक वसाहतीतले कामगारही त्यांना दादाच म्हणू लागले, तेव्हा मला लहानपणी राग यायचा. आपलं माणूस कुणीतरी न विचारता वापरायला नेल्यासारखं वाटायचं.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. नाचणी, वरी आणि गुरं, एवढ्यावर घर चालायचं. दादांच्या बरोबरीचे सगळे मुंबईला गेले. दादा गुरांच्या ओढीने जवळच, महाडला उतरले आणि एका केमिकलच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागले. अंगाने आडवे, आवाज मोठा. टपरीवर कुणाचा चहा आधी आला यावरूनसुद्धा ते न्याय करायला उभे राहायचे.

युनियन झाली ती एका अपघातामुळे. दादांच्या शिफ्टला तुडील गावचा एक माणूस होता, त्यांना मी काका म्हणायचे. एकदा ॲसिडच्या पाइपचा जोड सुटला आणि काकांचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत भाजला. कंपनीत गाडी होती, पण ती साहेबांची. ड्रायव्हर म्हणाला, सीट खराब होईल. दादांनी काकांना नळाखाली धरलं, मग आपल्या मोटरसायकलवर बसवलं, मागून धरायला आणखी एकाला घेतलं आणि महाडच्या दवाखान्यात नेलं. काका वाटभर ओरडत होते. दादा घरी आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या पाठीला काकांची कातडी चिकटलेली होती. आईने तो शर्ट परसात जाळला.

शिफ्ट सोडून गेले म्हणून कंपनीने दादांनाच घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी ते घरी न बसता कंपनीच्या गेटसमोर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या शेजारी अख्खी शिफ्ट बसली होती. तो संप पावसाळाभर चालला. ताडपत्रीखाली माणसं तापाने फणफणली, एकदा पोलिसांनी काठ्या चालवल्या, त्यात दादांचे पुढचे दात गेले. आईने दावणीची म्हैस विकली. ती म्हैस तिने वासरू असल्यापासून वाढवली होती. विकत घेणाऱ्याच्या टेंपोत ती चढेना, तेव्हा आईनेच तिला मागून ढकललं.

शेवटी युनियन उभी राहिली, दादा तिचे अध्यक्ष झाले आणि कंपनी नमली. हेल्पर परमनंट झाले, सगळ्यांना मास्क मिळाले, गेटवर ऑक्सिजनवाली ॲम्ब्युलन्स उभी राहिली. काकांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. त्यांची बोटं एकमेकांना चिकटली होती आणि हात खांद्याच्या वर जात नव्हता. दादा त्यांना सुट्टीच्या दिवशी सवला गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचे, तिथल्या पाण्यात तो हात धरून ठेवायचे आणि बोटं चोळून सोडवायचा प्रयत्न करायचे. काका कळवळायचे, शिव्या द्यायचे. दादा म्हणायचे, "दे रे शिव्या. पण हात काढू नको."

ती वर्षं चांगली होती. कामगारांच्या घरी लग्न असलं की पहिली पत्रिका आमच्याकडे यायची. काकांच्या मुलीच्या लग्नात तर दादांनी मामासारखी धावपळ केली.

मग कंपनीचा मालक बदलला. नवा मॅनेजर आला, गोड बोलणारा, सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवणारा. नवीन प्लांट सुरू झाला आणि तिथून निघणाऱ्या वाफेने माणसं खोकू लागली. दादा स्वतः खोकत होते. खिशात श्वासाचा पंप ठेवायचे. त्यांनी प्लांट बंद करून तपासणी करा अशी मागणी लावून धरली. मॅनेजरने कामगारांना वेगळंच सांगितलं: पगारवाढीचा करार उद्या करतो, पण तुमचा हा अध्यक्ष मला नको. युनियनमध्ये नको आणि कंपनीतही नको.

मी तेव्हा महाडला कॉलेजात होते. त्या दिवशी दादा पंप घरी विसरले होते, तो द्यायला मी गेटवर गेले. रस्त्यावर मीटिंग चालू होती. मॅनेजर गेटच्या आत खुर्चीवर बसून चहा पीत होता. युनियनचा सेक्रेटरी खाली मान घालून म्हणाला, "ज्यांना करार पाहिजे त्यांनी हात वर करा."

कुणी हललं नाही. दादाच मोठ्याने म्हणाले, "करा रे. ज्याला करायचा त्यानं करा. मी कुणाला खाणार नाय."

पहिला हात काकांचा वर गेला. उजवा. मी लांब टपरीपाशी उभी होते, तरी ती चिकटलेली बोटं मला ओळखू आली. काका दादांकडे बघत नव्हते, मॅनेजरला आपण दिसतोय ना, ते बघत होते. मग बाकीचे हात वर गेले. ज्यांना दादांनी परमनंट केलं होतं ते, ज्यांच्या वाट्याच्या काठ्या दादांनी खाल्ल्या होत्या ते, सगळे. मॅनेजरने कप खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

दादांच्या मागे मोटरसायकलवर बसून मी घरी आले. पोलादपूरच्या अलीकडे ते एकदम हसायला लागले.

"बघितलंस का गो? डॉक्टर बोलला व्हता, हात खांद्याच्या वर जाणार नाय. गेला की!"

ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली. गाडी कडेला लावून रस्त्यावर उकिडवे बसले. मी पंप पुढे केला. तो त्यांनी घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर दादा वाडीवरच राहिले. गुरांमागे जायचे, मग तेही जमेना. दादांकडे जो जाईल त्याचं नाव साहेबांपर्यंत पोचतं, असं वसाहतीत सगळे म्हणत. त्यामुळे कुणी आलं नाही. शेवटच्या दिवसांत आडवं झोपलं की त्यांचा श्वास अडायचा, म्हणून आई त्यांच्या पाठीशी गोधड्यांची चळत लावून बसवून ठेवायची.

एका दुपारी त्यांचे ओठ निळे पडले. सरकारी ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन लांब गेली होती. मी कंपनीच्या गेटवर फोन लावला. वॉचमनने मला ओळखलं. साहेबांना विचारतो म्हणाला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "ताई, साहेब बोलतायत, ती गाडी कंपनीच्या कामगारांसाठी हाय."

आम्ही दादांना दुधाच्या टेंपोत घातलं. कॅनच्या मध्ये आई त्यांना छातीशी धरून बसली. घाट उतरायच्या आत ते गेले. आईने टेंपोवाल्याला हाक मारली नाही. पोलादपूर येईपर्यंत तशीच बसून राहिली.

वर्षभराने कंपनीतून निरोप आला. कामगार आणि व्यवस्थापन मिळून दादांना श्रद्धांजली वाहणार, कँटीनला त्यांचं नाव देणार, आईचा सत्कार करणार. मी म्हणाले, जायचं नाही. आई म्हणाली, "जायाचं." तिने ठेवणीतलं लुगडं काढलं.

कँटीनमध्ये मांडव घातला होता. दादांचा फोटो मोठा केलेला, त्यात त्यांचे पडलेले दात कुणीतरी कॉम्प्युटरवर बसवले होते. मॅनेजर भाषणात म्हणाला की दादा व्यवस्थापनाचे खरे मित्र होते. मग काकांना उभं केलं, दादांनी ज्यांचा जीव वाचवला ते म्हणून. काका माइकसमोर रडले. रडताना त्यांनी तोच हात तोंडावर धरला होता. लोक हळहळले. आईला शाल, नारळ दिला आणि निवेदक म्हणाला, "वहिनी, दोन शब्द बोला."

ती बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मलाही नाही. तिने नारळ टेबलावर ठेवला आणि माइक हातात घेतला.

"त्याला निजता येत नव्हतं," ती म्हणाली. "बसून असायचा. खाली रस्त्याला मोटरसायकल वाजली की इचारायचा, कोण आला गो? मी सांगायची, दूधवाला. परत वाजली की परत इचारायचा, कोण आला गो? दूधवाला. आमच्या घरात गाय हाय. आमच्याकडं दूधवाला कशाला येईल? त्याला पण ठावं व्हतं. तरी इचारायचा. मरायच्या दिशी सकाळी पण इचारलान."

मग ती पुढच्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेका तोंडाकडे बघत गेली. कुणी मान वर करेना.

"तो तुमच्या नावानं कधी वाईट बोलला नाय," ती म्हणाली. "मी बोलते. रोज बोलते. दिवा लावताना बोलते."

निवेदकाने घाईघाईने टाळ्या सुरू केल्या. मांडवभर टाळ्या झाल्या, आणि मग जेवणाची पंगत बसली. श्रीखंड होतं. माणसं जेवली. आम्हाला पान वाढलं होतं, पण आई बाहेर जाऊन उभी राहिली. शाल तिने खुर्चीवरच ठेवली होती.

आम्ही एसटीच्या थांब्यावर उभ्या होतो तेव्हा काका धावत आले. श्रीखंडाने भरलेली बोटं पुसलेली नव्हती. ते रस्त्यातच आईच्या पायाशी बसले.

"वहिनी, माझी पोर बाळंतपणाला घरी व्हती. नोकरी गेली असती तर काय केलं असतं मी? दादांना ठावं व्हतं. त्यांनीच सांगितलान, करा म्हणून."

आईने पाय मागे घेतले.

"वहिनी, काहीतरी बोला. चार शिव्या तरी द्या."

"ऊठ," आई म्हणाली. "एसटी येतेय. मधे बसू नको."

काका उठले. त्यांना एका हातावर जोर देऊन उठायला वेळ लागला. आईने बघितलं, पण हात दिला नाही, आणि मी पुढे झाले तर माझं मनगट धरून मला मागे ओढलं. एसटी थांबली. खिडकीजवळची जागा मिळाली. काका खाली उभे राहून काच ठोठावत होते, काहीतरी सांगत होते. आईने पदर डोक्यावरून घेतला, डोळे मिटले, आणि गाडी हायवेला लागायच्या आत तिला गाढ झोप लागली.