वाफसा

‘क्लेम, तू पाटी काढली नाहीस, हे शहाणपणच होतं. पण एवढं शहाणपण कशाला हवं होतं रे गाढवा?’ मर्लनं पत्राला अशी सुरुवात केली.

क्लेम वॉरिंगा गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर ग्रेडर, म्हणजे पात्यानं रस्ता सपाट करणारं यंत्र, चालवायचा आणि रस्त्याकडेलाच कॅरावॅनमध्ये एकटा राहायचा. मेंढ्यांचं रान सांभाळणारी मर्ल त्याची सर्वांत जवळची शेजारीण, तीही बहुधा वॉकीटॉकीसारख्या रेडिओवरूनच भेटायची. कोरड्या मातीवर पातं फिरवायचं तर मागे पाण्याचे टँकर पळवावे लागतात, डिझेल नुसतं जळतं. म्हणून क्लेम पावसाची वाट बघायचा. पाऊस झाला की ‘रस्ता बंद’ची पाटी लावायची, पाणी मुरून मातीला वाफसा येऊ द्यायचा, मग पातं. माती आपसूक दबून बसते. पण त्याआधी कुणी गाडी घातली की चाकोऱ्या पडतात, सगळं उकरून पुन्हा करावं लागतं.

लग्नानंतर कधीच न आलेली त्याची लेक, नोरीन, त्याला भेटायला बसनं वॉरिंगापर्यंत पोहोचली आणि पाऊस कोसळला; पुढचा रस्ता बंद. तिनं मर्लला फोन केला. मर्लनं रेडिओ उचलला.

“पाटी काढ. एका गाडीनं काय होतंय?”

“एक गेली की दहा जातात, म्हातारे.”

“पोटची पोर आहे ती!”

“म्हणूनच. लोकांना अडवायचं आणि घरच्यांना सोडायचं?”

“मग तू जा ग्रेडर घेऊन.”

“ग्रेडर काय उडत जातो? तिला म्हणावं, परवापर्यंत थांब.”

“उद्या परतीची बस आहे तिची.”

“आईसारखीच घाईची.”

नोरीन न भेटताच परत गेली. वाफसा आला, क्लेमनं रस्ता केला. टँकर लागला नाही. पहिली गाडी मर्लचीच गेली. क्लेम कॅरावॅनच्या पायरीवर थंड चहा घेऊन बसला होता.

“रस्ता रेशमासारखा झालाय.”

“हं.”

“बोललास तिच्याशी?”

“इथं फोन कुठाय?”

“माझ्याकडे आहे. बस गाडीत.”

“उत्तरेचा तुकडा उरकू दे. रविवारी ने.”

रविवारी उत्तरेला पाऊस झाला आणि तिथं पाटी लागली. पुढे मर्लकडे लोकर कातरणी निघाली. तेवढ्यात क्लेमला दूरच्या रस्त्यावर पाठवलं. फोनसाठी त्याला घरी न्यायचं राहूनच गेलं, म्हणून शेवटी मर्ल त्याला पत्र लिहायला बसली.