ओंकारनानांचं पस्तान

लोणखेड्याला मी मास्तर म्हणून रुजू झालो त्याच आठवड्यात एका सकाळी दारात एक उंच, वाळका माणूस उभा राहिला. अंगात धुवट सदरा, डोक्याला पागोटं, काखेत गाठोडं आणि हातात नारळ. मला वाटलं, कुणाचा तरी पाहुणा घर चुकला. पण तो चुकला नव्हता. उंबऱ्याबाहेर वहाणा काढून त्याने शांतपणे सांगितलं, "मास्तर, तुमना घर मन्हं पस्तान ठेवानं शे."

प्रस्थान ठेवण्याची रीत आमच्या कोकणातही होती, त्यामुळे अर्थ लागला. प्रवासाचा मुहूर्त एका दिवशी आणि प्रत्यक्ष निघणं दुसऱ्या दिवशी असलं की मुहूर्ताला आपलं गाठोडं घराबाहेर काढायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे ठेवून यायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. माझं घर गावाच्या पश्चिम टोकाला, शेवटचं. पुढे नुसती कापसाची वावरं. "तुमनं घर सूर्य बुडस त्या आंगे शे," ते म्हणाले, "मन्हं जानं बी त्याच आंगे." मी कोनाड्याखाली जागा करून दिली. त्यांनी गाठोड्यावर नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि सोमवारी निघतो म्हणून सांगून गेले.

ते ओंकारनाना पाटील. पुढे मी लोणखेड्यात होतो तितकी वर्षं ते गाठोडं माझ्या घरात होतं.

नानांची जमीन चांगली होती, पण ती धाकटा भाऊ कसायचा. बायको वारलेली. एकच मुलगी, जमना, ती तापीपलीकडे नंदुरबारच्या बाजूला दिलेली. चार माणसांना पुरेल अशा घरात नाना एकटे राहत. दोन्ही वेळचं ताट भिंतीपलीकडून भावाच्या घरून येई आणि रिकामं होऊन परत जाई. ताट आणणाऱ्या गड्याशी ते दोन शब्द बोलत, तेवढंच त्यांचं दिवसाचं बोलणं. माझ्याकडे आले की मात्र त्यांना कंठ फुटायचा.

त्यांना जायचं होतं द्वारकेपलीकडच्या बेटावर. शहाद्याच्या कापसाच्या जिनात येणाऱ्या एका गुजराती दलालाने त्यांना त्या बेटाची हकीकत सांगितली होती, आणि ती त्यांच्या मनात रुतून बसली होती. गावाला वाटे, नाना यात्रेला चालले. नाना मला खरं सांगत. "देवनं दर्शन लेसू, नही कोन म्हनस? पन मी देवले नही जाई ऱ्हायनू. मी बठाले जाई ऱ्हायनू."

नुसतं बसायला म्हणून इतक्या लांब जाणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पण त्यांचा बेत पक्का होता आणि ते तो मन लावून सांगत. प्रकाशाला नावेतून तापी उतरायची, नंदुरबारला गाडी धरायची, सुरतेला बदलायची. बेटावर पोचल्यावर पहिल्या दिवशी देऊळ, गाव, बंदर सगळं पाहून घ्यायचं. "एकदाव देखी लिधं का मंग कोनी इचारी नही, काय देखं म्हनीसन." त्यानंतर वाळूत बसायचं. "मंगयवारले बठानं. बुधवारले बी बठानं. कटाया उना ते नावमा बठानं, बेटले फेरा मारानं, आनि परत वाळूमा." खायला घरचे भाजलेले शेंगदाणे. अंगावर दुसरं काही काम नाही. "चारी आंगे पानी, मधमा आपण. कोनी हाक मारी नही, आनि कोनी हाक मारी का म्हनीसन कान बी देवाना नही."

मी समुद्रकाठचा, हे कळल्यापासून तर माझी सुटका नव्हती. आमच्या गावासमोर समुद्रात एक लहान बेट आहे. वस्ती नाही, थोडे माड, थोडी वाळू. लहानपणी आम्ही होडीने तिथे कालवं काढायला जायचो. हे मी एकदा बोलून बसलो आणि नाना रोज काहीतरी विचारायला यायला लागले. होडीत पोटात ढवळलं तर काय करायचं (लिंबू जवळ ठेवायचं, मी सांगितलं), वाळू तापते का, ओहोटीचं पाणी जातं कुठे. एकदा बराच वेळ विचार करून म्हणाले, "ते पानी रात-दिन जास, येस. थकस नही का, मास्तर?" मी हसलो. ते हसले नाहीत.

पहिल्या सोमवारी ते निघाले नाहीत. बरोबर येणारा चुलतभाऊ ऐन वेळी गळाला. एव्हाना गावातल्या बायकांनी त्यांच्या हवाली नारळांचा ढीग केला होता. "नाना, मन्हा नारय देवले चढावज्यात," म्हणत जी ती नारळ देऊन जात होती. बसायला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर सगळ्या आळीचे नवस बसले. नानांनी ते नारळ मुकाट्याने परत केले. मी त्यांचं गाठोडंही परत द्यायला निघालो, तर ते दोन पावलं मागे सरले. "पस्तान मांगे लई जातस नही, मास्तर. ते निंघेल शे. मी ऱ्हायनू मांगे."

मग तसंच चाललं. दर चैत्रात नाना यायचे, गाठोडं सोडायचे, धोतर-सदरा उन्हात टाकायचे, नारळ बदलायचे, शेंगदाणे ताजे भरायचे आणि नवा दिवस सांगायचे. तो दिवस दर वर्षी आखाजीच्या अलीकडचा असायचा. आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, पण आम्हा कोकण्यांना ती कळायची नाही. सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येतात. कडुलिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, आणि त्या दिवसांत मुलीचा आवाज नाही असं घर गावात सापडत नाही. एका घरात मात्र तो नसायचा.

त्याचं कारण मला नानांच्या भावाच्या बायकोकडून कळलं, मग नानांकडूनही. जमनाच्या लग्नात मुलाकडच्या सगळ्या मानकऱ्यांना पागोटी बांधली गेली आणि मुलाचा चुलता राहून गेला. तो मांडवाच्या मागच्या बाजूला बैलांपाशी होता, नानांना दिसला नाही. वरात निघायच्या वेळी ते उघड झालं. नाना ते राहिलेलं पागोटं घेऊन नंतर स्वतः व्याह्यांकडे गेले, ओट्यावर दिवसभर बसले. पागोटं कुणी घेतलं नाही. त्या वर्षी आखाजीला जमनाला आणायला मुराळी गेला तो हात हलवत परत आला. पुढेही तेच. "एक पागोटं इसरी गऊ, मास्तर," नाना म्हणायचे, "एक पागोटं." यापलीकडे त्यांनी व्याह्यांना कधी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही.

म्हणून ते बेट. आखाजीचे झोके ऐकू येणार नाहीत अशा ठिकाणी त्यांना ते दिवस काढायचे होते. आणि दर वर्षी निघायची वेळ आली की पाय अडायचा तो एकाच ठिकाणी. "पोर उनी आनि दारले कुलूप दिखनं ते?"

मी म्हटलं, "नाना, मी सुट्टीतही इथेच असतो. मला गावी एका काकांशिवाय कुणी नाही. तुमच्या ओट्यावर मी बसतो, तुम्ही जाऊन या."

त्यांना मला दुखवायचं नव्हतं, म्हणून हळू बोलले. "तुमले देखीसन ती काय करी? ती बापना घर यी, मास्तर. मास्तरना घर नही."

एका वर्षी मात्र ते निघाले. आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आले नि म्हणाले, "औंदा आखाजी माले ऐकानीच नही." सकाळी गाडी जोडली, गाठोडं मी माझ्या हाताने गाडीत ठेवलं. नंदुरबारपर्यंत पोचवायला मीही बरोबर होतो. घराला त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि किल्ली भावाकडे दिली. वाटेत ते खुशीत होते. सुरतेला बोटांवर मोजता येणार नाहीत एवढ्या गाड्या असतात असं ऐकलंय, त्यात आपली कशी ओळखायची, असं विचारत होते.

प्रकाशाला उन्हाळ्यातही पाणी होतं, नाव चालत होती. आम्ही गाडी काठावर सोडली आणि नावेत बसलो. नानांनी पहिल्यांदा नावेची कड घट्ट धरली, मग हात सोडून पाण्यात घातला. नाव मध्यावर आली तेव्हा समोरून दुसरी नाव येत होती. माहेरवाशिणींची. लुगड्यांचे रंग, बोचकी, मांडीवरची पोरं, आणि सगळ्यांचं एकदम बोलणं. नाना ताठ झाले.

"ती जमना शे. लाल लुगडावाली."

"नाना, इतक्या लांबून—"

"नाव फिराव, भो," ते नावाड्याला म्हणाले. "नाव फिराव."

नावाड्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आमची नाव वळली आणि त्या नावेच्या मागोमाग, निघालो त्याच काठाला परत लागली. नाना पाण्यातच उतरले, धोतर भिजवत पुढे गेले. लाल लुगड्यातली मुलगी बोचकं सावरत वाळूत उतरली आणि समोर एक म्हातारा उभा पाहून गोंधळली. कुणाची कोण होती. तिने पदर सावरला, वडीलधारा म्हणून वाकून नमस्कार केला. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी ऱ्हाय, बेटा," म्हणाले. मग तिला घ्यायला आलेला भाऊ आला आणि ती त्याच्याबरोबर निघून गेली.

मी गाठोडं उचलून पुन्हा गाडीत ठेवलं. शहादं जवळ आल्यावर नाना म्हणाले, "नावमा बठी उनू. आर्धं काम व्हई गयं." मी हसावं म्हणून ते तसं बोलले हे मला कळलं. मी हसलो. गाठोडं पुन्हा माझ्या कोनाड्याखाली आलं, आणि कुलूप भावाकडून किल्ली आणून त्यांनी स्वतः काढलं. त्यानंतर त्या दाराला मी कधी कुलूप पाहिलं नाही. वावरात जातानाही ते दार नुसतं लोटून जात.

पुढे माझे काका वारले. गावचं घर आणि माड बघायला कुणी उरलं नाही, म्हणून मी नोकरी सोडून निघालो. निरोपाला नाना आले. रिकाम्या खोलीत गाठोडं तेवढं उरलं होतं. पश्चिमेला आता नवं घर कुणाचं, हे गाठोडं कुणाकडे द्यायचं, असं मी विचारलं. नानांनी नवा नारळ आणला होता. तो वर ठेवला, गाठ घट्ट केली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं.

"द्वारकानं नही ते तुमनं बेट चाली. दर्या ते एकच शे ना. मन्हं पस्तान पुढे जाऊ द्या, मास्तर. मी मांगेथीन येस."

मी म्हटलं, "या. नक्की या." दोघांनाही माहीत होतं. तरी ते गाडीमागून वावरांपर्यंत चालत आले, आणि होडीत लिंबू जवळ ठेवायचं असतं ना, हे पुन्हा एकदा विचारून घेतलं.

घरी आलो तेव्हा माझ्याच दाराचं कुलूप गंजलेलं होतं. तेल घालून उघडावं लागलं. गाठोडं मी पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवलं. तिथून बेट दिसतं. पहिली काही वर्षं मी चैत्रात त्यांचे कपडे उन्हात टाकले, नारळ बदलला. घरात नारळांची कमी नव्हती. आखाजीच्या सुमाराला आगबोट धक्क्याला लागली की मी उतरणारे लोक पाहायचो. पागोट्याचा उंच माणूस त्यांत नसायचा.

नाना गेल्याचं लोणखेड्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, कोकणात कामाला आला असताना मुद्दाम वाट वाकडी करून, घरी येऊन सांगितलं. आखाजीच्या आधीच गेले. ओट्यावर बसल्या बसल्या. जमना आली का, असं मी विचारलं. "उनी ना, मास्तर. तेराव्वाले उनी," तो म्हणाला. "सासरनासनी धाडं." दार उघडंच होतं म्हणे. आत जाऊन ती उंबऱ्यापाशी बसून राहिली.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला मी गाठोडं घेऊन होडीने बेटावर गेलो. लिंबू जवळ ठेवलं होतं. बेटाला एक फेरा मारला, मग वाळूत बसलो. शेंगदाणे खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि पुन्हा बसलो. चारी बाजूंना पाणी होतं आणि कुणी हाक मारत नव्हतं. नानांना इथे दोन दिवससुद्धा निघाले नसते. सारखे कान देऊन बसले असते, हे मला तिथे बसल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं.

धोतर-सदरा मी होडीच्या म्हाताऱ्या तांडेलाला दिला. गाठोड्याचं फडकं तेवढं खिडकीत आहे. घरी मी एकटाच असतो, कुणी यायचं राहिलेलं नाही. तरी बाहेर पडताना कुलपाकडे हात जातो आणि मी तो मागे घेतो. दार नुसतं लोटून जातो.