जंगलकाकांची पावलं

टीव्हीवर जो वाघ चालायचा, तो खरं तर पावलंबाईंच्या हातांनी चालायचा. कॅमेरा लांबून चित्र टिपतो, आवाज कुठून टिपणार? म्हणून स्टुडिओच्या मागच्या खोलीत ह्या बाई पडद्याकडे बघत आवाज करायच्या. हत्तीसाठी ओली गादी, सापासाठी वाळूवरून ओढलेला पट्टा, घारीच्या पंखांसाठी चामड्याचे जुने हातमोजे. कार्यक्रमाच्या शेवटी त्यांचं नाव यायचं ते इतकं बारीक, की त्यांच्या आईलाही भिंग लागायचं.

कार्यक्रम सांगायचे जंगलकाका. घराघरांतली पोरं त्यांचा आवाज ऐकत जेवायची. अधूनमधून ते ह्या खोलीत येऊन बसायचे आणि खोडी काढायचे, "बाई, आपला वाघ आज उपाशी चालतोय."

"मग काय डबा देऊ त्याला?"

जंगलात उभी हयात गेलेला माणूस. आधी चवडा टेकवायचा, मग टाच, जिन्यावरही तसंच. मागे येऊन उभा राहिला तरी पत्ता लागायचा नाही. एकदा दचकून बाईंच्या हातून पाण्याचं घमेलं उलटलं. तेव्हापासून दाराशी आले की काका डावा पाय मुद्दाम घासायचे. "घरीही मला हेच फर्मान आहे," असं म्हणून हसायचे.

मागच्या महिन्यात ते गेले. बाई काही रडल्याबिडल्या नाहीत, पण दाराकडे पाठ करून काम करणं त्यांना जड जाऊ लागलं.

श्रद्धांजलीच्या भागासाठी काकांचं शेवटचं चित्रण निघालं. उंच गवतातून ते कॅमेऱ्याकडे चालत येतात, अगदी जवळ येतात आणि चित्र संपतं. माईक बंद राहिल्यामुळे आवाजच नव्हता. दिग्दर्शक म्हणाला, "संगीत टाकून देऊ." बाईंना पटेना. ज्याचे सगळे प्राणी आपण चालवले, त्याला बासरीवर कसं वाटेला लावायचं?

"मला एक दुपार द्या," त्या म्हणाल्या. "काकूंना ऐकवू. त्यांना नाही पटलं तर टाका तुमचं संगीत."

काकू, म्हणजे जंगलकाकांच्या पत्नी, आल्या. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून मान खाली घालून बसल्या. "बघवणार नाही मला. नुसतं ऐकते," म्हणाल्या.

बाईंनी वाळलं गवत पसरलं, बूट चढवले आणि पावलाला पाऊल जुळवलं. तंतोतंत जुळलं.

काकू म्हणाल्या, "छान आहे हो. पण हे ह्यांचं चालणं नव्हे. कुणीतरी येतंय, एवढंच."

बाईंना आपली चूक उमगली. हरणाला हरणासारखं चालवलं, कोल्ह्याला कोल्ह्यासारखं, आणि ह्या माणसाला मात्र सरसकट माणसासारखं. गवतात पाय दिसत नव्हते, म्हणून त्या आधी टाच टेकवून मोकळ्या झाल्या होत्या.

त्यांनी बूट काढले. "पुन्हा लावा चित्र."

ह्या वेळी आधी चवडा, मग टाच. गवत जेमतेम कुजबुजलं. पडद्यावर काका जवळ आले, आणि बाईंनी डावा पाय जमिनीवर घासला. पडद्यावर पाय घासल्याचं काहीच दिसत नव्हतं. चित्रात नाही तो आवाज करायचा नाही, हा बाईंचाच नियम. काचेपलीकडून दिग्दर्शक हातानेच नको नको म्हणत होता. बाईंनी पाय पुन्हा एकदा घासला.

काकूंनी मान वर केली नाही. शेजारच्या खुर्चीवरची पर्स तेवढी उचलून मांडीवर घेतली आणि खुर्ची मोकळी केली.