पाऊस बघून ठरवू

आमच्या आत्याला उन्हाळ्यात घेतलेला एकही निर्णय मान्य नसे. "लोणावळ्यात पावसाचे चार महिने घरातली भिंतच तोंडासमोर असते. पाऊस बघून ठरवू," हे तिचं पालुपद. ते ऐकलं की माझं डोकं उठायचं.

लोणावळ्याचं घर निम्मं तिचं, निम्मं माझं. राहायची ती एकटी. मला ते रंगवून शनिवार-रविवारच्या पर्यटकांना द्यायचं होतं आणि तिला तळेगावला आमच्याकडे न्यायचं होतं. "घर देणार नाही," असं ती एकदाही म्हणाली नाही. भांडली ती रंगावरून.

मी सायीसारखा रंग निवडला, तिनं बिस्किटी. वडिवळ्याच्या नामदेव पेंटरनं दिवाणखान्यात दोन्हींचे शेजारी-शेजारी पट्टे मारले. "तुझा रंग आजारी दिसतो," ती म्हणाली. "तुझा चहा सांडल्यासारखा," मी म्हणालो. पावसात दोन्हींवर बुरशी चढली. दिवाळीनंतर तिनं नामदेवकडून पट्टे पुन्हा मारून घेतले आणि भांडण नव्यानं सुरू झालं.

खवचटपणात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आल्यागेल्याला चहा देताना सांगायची, "डावीकडचा आमच्या भाचेसाहेबांचा. पडसं झालेला." मीही कमी नव्हतो. धुक्यात, उन्हात, दिवा लावून, दर खेपेला माझाच पट्टा कसा उजळ आहे ते दाखवायचो. ती चष्मा पुसून निरखायची. "फरक आहे खरा. पाऊस बघून ठरवू."

गेल्या श्रावणात ती गेली. त्याच घरात, त्या भिंतीसमोरच्या खुर्चीत.

दिवाळीनंतर मी नामदेवला बोलावलं. "डावीकडचा मार. माझा." एवढं तरी जिंकायचं होतं.

नामदेव डबा उघडेना. "दादा, दुसऱ्या टायमाला दोन्ही पट्टे येकाच डब्यातनं मारलेत. त्यांच्या बिस्किटीतनं. आत्याच म्हनल्या, त्याला सांगू नको. तो रंगावर भांडतोय तवर मी हितं ऱ्हाते."

मी यंदाची बुरशी पुसून भिंतीला नाक लावून पाहिलं. डावीकडचा मला तरीही उजळच दिसत होता. असा संताप आला की म्हातारी समोर असती तर कडाकडा भांडलो असतो. ती समोर नव्हती, याचाच जास्त राग आला.

"मंग कुटला मारू?" नामदेवनं विचारलं.

"आत्ता राहू दे," मी म्हणालो. "पाऊस बघून ठरवू."